फोटो काढून देता का?

‘एकटा फिरतो, पण फोनमध्ये माझा एकही फोटो नाही’ ही तक्रार घेऊन कुणी समुपदेशकाकडे येत नाही. ती दुसऱ्याच तक्रारीच्या पोटातून बाहेर पडते. नाशिकच्या इंदिरानगरात राहणारा हा तरुण (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) आला होता तो ऑफिसच्या मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही म्हणून. वय २९, अंबडच्या एका कारखान्यात हिशेबाचं काम. सुट्टी मिळाली की सॅक उचलून एकटाच निघायचा: अंजनेरी, ब्रह्मगिरी, सप्तशृंगगड, एकदा थेट हंपी. हंपीच्या फोटोंत रथ होता, खांब होते, केळीच्या पानावरचं जेवण होतं, देवळाच्या सावलीतलं कुत्रंसुद्धा होतं. हा मात्र कुठेच नव्हता. आईने विचारलं, “तू नक्की गेला होतास ना?” हे सांगताना तो हसला, पण लगेच गप्प झाला.

अनोळखी माणसाला फोटो काढायला का सांगत नाहीस, यावर आधी कारणं आली. सेल्फी आवडत नाही, ट्रायपॉड घ्यायचाच आहे, लोक फोटो वाकडे काढतात. मग त्याला कागदावर लिहायला सांगितलं: विचारलं तर नेमकं काय होईल, आणि तसं होण्याची शक्यता किती टक्के? ‘नको म्हणतील’ ५०. ‘वैतागतील’ ६०. ‘फोन घेऊन पळतील’ ५. ‘बिचारा एकटाच आलाय असं वाटेल’ ९०. फोनची काळजी सगळ्यात कमी निघाली, आणि इतकी वर्षं तो स्वतःला तेच कारण देत होता. असा कागद घरी प्रत्येकाने करून बघावा. टक्के लिहिल्याशिवाय खरी भीती कुठली आणि सांगायची कुठली, हे वेगळं होत नाही.

या भीतीबद्दल संशोधनातून बरंच ठोस हाती आलं आहे. लोकांचं आपल्याकडे किती लक्ष असतं, याचा आपला अंदाज फार फुगलेला असतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात टी-शर्ट घालणाऱ्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी तरी बघितलं असणार. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांनाच टी-शर्टवर कुणाचा चेहरा छापला होता ते सांगता आलं. दुसरा प्रयोग तर आपल्या विषयावरच आहे. झुआन झाओ आणि निकोलस एप्ली यांच्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिकागोच्या एका वनस्पती उद्यानात लोकांना अनोळखी माणसाकडून आपला फोटो काढून घ्यायला सांगितलं होतं. विचारणाऱ्यांना वाटलं त्यापेक्षा समोरची माणसं जास्त तयार होती, त्यांना त्रास कमी वाटला आणि मदत करून बरं जास्त वाटलं. शिकागो म्हणजे पंचवटी नव्हे, हे मान्य. पण आपल्याकडे तर फोटो काढून दिल्यावर ‘कुठले तुम्ही?’ इथून गप्पा सुरू होतात. नकार पचवण्यापेक्षा गप्पा आवरणं अवघड.

नुसतं हे सांगून कुणाची भीती जात नाही. त्यालाही पटलं, आणि पुढच्या रविवारी तो पांडवलेण्यांवरून पुन्हा स्वतःविना परत आला. म्हणून खोलीतच त्याला विचारून दाखवायला सांगितलं. तो जे बोलला ते असं: “सॉरी, म्हणजे तुम्हाला वेळ असेल तर, नाही नसेल तर राहू दे, एकच, पटकन...” नजर जमिनीवर, फोन अर्धवट पुढे केलेला आणि स्क्रीन बंद. मानसशास्त्रात याला सुरक्षिततेचे वर्तन म्हणतात. भीती झाकण्यासाठी माणूस जे छोटे छोटे उपाय करतो, तेच भीतीला टिकवून ठेवतात. इथे तर ते फोटोही बिघडवतात. ‘एकच, पटकन’ म्हटलं की समोरचा खरोखरच एकच काढतो. त्यात डोळे मिटलेले असतात. हा घाईने ‘थँक्यू’ म्हणून न बघताच फोन खिशात टाकतो. खाली उतरल्यावर फोटो बघतो आणि मनाशी म्हणतो, बघ, विचारून काय मिळालं?

त्याच्या बाबतीत गाठ इथेच होती. विचारायची धास्ती आणि फोटो बिघडल्याची चिडचिड ही दोन वेगळी दुखणी त्याने एकत्र बांधून ठेवली होती. धास्तीला सराव लागतो. चिडचिडीला पाच मिनिटांचं तंत्र पुरतं, म्हणून ते आधी घेतलं.

तंत्र असं. माणूस शोधण्याआधी चौकट ठरवा. जिथे उभं राहायचं तिथे आपली सॅक ठेवा, मागे जा, लेन्स रुमालाने पुसा आणि सॅकचाच एक फोटो काढा. हा नमुना. मग ज्याला विचारायचं त्याला तो दाखवायचा: “असाच हवाय, सॅकच्या जागी मी.” निम्मं बोलणं वाचतं आणि समोरच्याला उभं कुठे राहायचं तेही कळतं. पांडवलेण्यांत १८ क्रमांकाच्या चैत्यगृहाचं कोरीव दर्शनी तोंड घ्यायचं असेल, तर भिंतीला चिकटून उभं राहू नका. दोन-तीन पावलं पुढे या. कॅमेऱ्यातला अर्धा पट (०.५x) रुंद कोन टाळा. फोन जरा वर झुकला की त्यात खांब आत कलतात आणि कडेचं माणूस ताणल्यासारखं दिसतं. एक पट किंवा दोन पट ठेवा आणि फोटो काढणाऱ्याला मागे उभं करा. फोन त्याच्या छातीच्या उंचीवर, सरळ. पाऊल येणार असेल तर पूर्ण येऊ दे, नाहीतर मांडीवर कापा. घोट्यावर कापलेला फोटो हमखास वाईट दिसतो. लेण्याच्या दारात उभं राहून आतून फोटो काढला तर मागच्या उजेडामुळे चेहरा काळा पडतो. तेव्हा “माझ्या चेहऱ्यावर एकदा बोट ठेवा” एवढं सांगितलं की उजेड जुळतो. आणि ‘दोन-तीन काढा’ हे आधीच सांगून टाकायचं.

फोनच्या काळजीलाही साधा उपाय आहे. फोन अनलॉक न करता लॉक स्क्रीनवरूनच कॅमेरा उघडा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये पॉवरचं बटण दोनदा दाबून उघडतो, आयफोनमध्ये स्क्रीन डावीकडे सरकवून. अशा वेळी समोरच्याला फक्त आत्ता काढलेले फोटो दिसतात. गॅलरी, मेसेज, बँकेचं अ‍ॅप बंदच राहतं. फोटोचं बटण सापडत नाही असं कुणी म्हणालं तर आवाजाचं बटण दाबायला सांगा, बहुतेक फोनमध्ये त्यानेही फोटो निघतो. रेल्वेच्या दारात, गर्दीच्या जिन्यात, चालत्या रांगेत मात्र फोन कुणाच्या हाती देऊच नये. ब्रह्मगिरीसारख्या ठिकाणी माकडांकडे एक डोळा असू द्यावा.

मग सराव. मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांची ० ते १०० अशी अस्वस्थतेची पट्टी इथे कामी येते. प्रत्येक कामाला आधी आकडा द्यायचा आणि खालून वर चढायचं. सीबीएस बसस्थानकावर ‘निमाणीची गाडी कुठे लागते?’ विचारणं त्याला २० वाटलं. गोदाघाटावर सेल्फीसाठी हात ताणून उभ्या असलेल्या कुटुंबाला ‘मी काढून देऊ का?’ म्हणणं ३५. रोजच्या चहावाल्याकडून फोटो काढून घेणं ४०. लेण्यांवर अनोळखी माणसाला विचारणं ७०. सगळ्यात वर, ८५ वर, त्याने स्वतःहून एक पायरी घातली: काढलेला फोटो तिथेच बघून ‘पाय कापले गेलेत, अजून एक काढता का?’ म्हणणं.

पस्तीसची पायरी कधी गाळू नये. दुसऱ्याचा फोटो काढून देताना आपल्याला त्यात किती थोडका वेळ लागतो आणि त्या माणसाबद्दल आपण किती कमी विचार करतो, हे आतून कळतं. शिवाय ती माणसं बहुतेक वेळा आपणहून विचारतात, “तुमचा काढू का?”

वाक्यही ठरवून घेतलं, कारण ऐन वेळी शब्द सुचत नाहीत. “काका, दोन-तीन फोटो काढून देता का? मागचं कोरीवकाम यायला हवं.” सॉरी नाही, स्पष्टीकरण नाही, एकटा का आलो याचा खुलासा नाही. विचारून झालं की थांबायचं. थांबणं त्याला बोलण्यापेक्षा जड गेलं. उत्तर येण्याआधीच तो ‘राहू दे’ म्हणून मोकळा व्हायचा.

पहिल्यांदा विचारलं तेव्हा विचारण्याचे पाच सेकंद निभावले, पण नंतर कॅमेऱ्यासमोर एकट्याने उभं राहताना अस्वस्थता ८० वर गेली. हे बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं आणि त्याची तयारी कुणी करत नाही. हातांना काम द्यावं: सॅकचा पट्टा धरा, कठड्याला टेका, नाहीतर लेन्सकडे न बघता कोरीवकामाकडे बघा. श्वास सोडता सोडता फोटो काढायला सांगा, खांदे आपोआप खाली येतात. पुढच्या खेपेला एका आजोबांनी त्याच्या फोटोत स्वतःचं बोट आणलं. त्याने “आजोबा, बोट आलंय, परत काढता?” म्हटलं. आजोबांनी चार काढले आणि नातवालाही शेजारी उभं केलं. ८५ म्हणून लिहिलेली पायरी प्रत्यक्षात ३० ची निघाली. नकारही आला, एका घाईतल्या बाईंचा. “बस आहे हो” म्हणून त्या निघून गेल्या. कागदावर ‘नकार’ लिहिताना त्याने या कारणाचा विचारच केला नव्हता.

कुणाला विचारू नये, याचेही नियम आहेत. रामकुंडावर तर फार जपून. तिथे कुणी अस्थिविसर्जनाला आलेलं असतं, कुणी श्राद्धाला. अशा कुटुंबाला विचारायचं नाही, आणि आपल्या फोटोच्या मागेही ते येता कामा नयेत. हरिहर गडाच्या खड्या पायऱ्यांवर कुणाला थांबवायचं नाही. फोटो काढणारा मागे सरकला तर जिवावर बेतेल. पुरुषाने एकट्या मुलीला विचारण्याआधी आसपास कुटुंब किंवा ग्रुप आहे का ते बघावं. तिची सावधगिरी आपल्याबद्दलचं मत नसते.

एकटीने फिरणाऱ्या बायकांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. त्यांची काळजी पुष्कळदा रास्त असते, तिला भीती म्हणून झटकू नये. बायकांचा ग्रुप, मुलंबाळं घेऊन आलेलं जोडपं किंवा तिकीट खिडकीवरचा माणूस निवडावा. “माझ्या फोनवर चांगला येतो, नंबर द्या, पाठवतो” याला एकच उत्तर: “नको, माझ्यावरच काढा.” ‘एकट्याच आलात?’ याला ‘मंडळी खाली आहेत’ म्हटलं तरी काही बिघडत नाही. इथे खरं बोलण्याचं ओझं घेऊ नये.

फोटोच नव्हे, चारचौघांत जेवणं, फोन उचलणं, दुकानात वस्तू परत करणंही सहा महिन्यांहून जास्त काळ टळत असेल आणि त्यामुळे नोकरी किंवा नाती अडत असतील, तर तो नुसता लाजाळूपणा म्हणून सोडू नये. मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. टेली-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.

त्या तरुणाने शेवटी ट्रायपॉड घेतलाच. पांडवलेणी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात असल्याने तिथे तो परवानगीशिवाय लावता येत नाही, पण पहाटे गंगापूर धरणाच्या काठी विचारायला माणूसच नसतं. आता ट्रायपॉड काढण्याआधी त्याने आजूबाजूला बघायचं ठरवलंय: माणूस आहे का? असेल, तर ट्रायपॉड सॅकमध्येच राहतो.