मॅनन चिकटले नाही, म्हणून ग्राहीच नाही असे लिहू नका

आपण विचारले आहे की, उंदराच्या अस्थिमज्जेपासून वाढवलेल्या मॅक्रोफेज (भक्षक) पेशी ईडीटीए या रसायनाने बशीवरून सोडवून त्याच बफरमध्ये तपासल्या, तेव्हा बीटा-ग्लुकान (ग्लुकोजची साखळी) त्यांना उत्तम चिकटले, मॅनन (मॅनोज शर्करेची साखळी) मात्र अजिबात चिकटले नाही. तर या पेशींवर मॅनोज रिसेप्टर, म्हणजे मॅनोज धरणारे ग्राही प्रथिन, नाही, असे प्रकल्प अहवालात लिहावे काय? माझी कळकळीची विनंती आहे, इतक्यात लिहू नका.

सदाशिव पेठेतल्या कोणत्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेताना जी जांभळ्या झाकणाची नळी वापरतात, तिच्यात हेच ईडीटीए असते. ते कॅल्शियम पकडून ठेवते आणि म्हणून रक्त गोठत नाही. आपल्या बफरमध्येही तेच घडले आहे. मॅनोज रिसेप्टर आणि डेक्टिन-१ हे दोन्ही ग्राही सी-टाइप लेक्टिनांच्याच (शर्करा धरणाऱ्या प्रथिनांच्या) घराण्यातले, पण त्यांची शर्करा धरण्याची रीत वेगळी आहे. मॅनोज धरणाऱ्या ग्राहींमध्ये कॅल्शियमचा आयन प्रथिनाच्या खोबणीत बसलेला असतो आणि शर्करेचे शेजारशेजारचे दोन हायड्रॉक्सिल गट थेट त्या आयनालाच जोडले जातात. तो काढून घेतला की ग्राही जागेवर असूनही त्याची पकड जाते. डेक्टिन-१ बीटा-ग्लुकानचा ग्राही असल्याचे २००१ मध्ये ब्राउन आणि गॉर्डन यांनी दाखवले. त्याला या कामी कॅल्शियम लागत नाही. 'सी-टाइप' या नावातला 'सी' कॅल्शियमचा, त्यामुळे भले भले इथे फसतात.

तेव्हा पेशी सोडवल्यावर ईडीटीए नसलेल्या बफरने दोन-तीनदा धुवा आणि २ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घातलेल्या हेपेस या फॉस्फेटविरहित बफरमध्ये प्रयोग पुन्हा करा. नेहमीच्या फॉस्फेट बफरमध्ये बहुधा कॅल्शियम नसतेच, आणि वरून जास्त घातले तर ते फॉस्फेटसह साक्याच्या रूपाने खाली बसते. ईडीटीए टाकून द्यायचे नाही. एका वेगळ्या नळीत ते मुद्दाम घाला, कारण त्या नळीत बांधणी नाहीशी झाली तरच ती कॅल्शियमवर अवलंबून होती असे म्हणता येईल. यीस्टच्या पेशीभित्तिकेपासून केलेले झायमोसान मात्र इथे नको, कारण त्यात मॅनन आणि बीटा-ग्लुकान दोन्ही असतात.

एवढे करूनही संकेत क्षीण आला, तर पेशीला छिद्रे पाडून आतही प्रतिपिंडाने रंगवून पाहा. मॅनोज रिसेप्टर सतत आत-बाहेर फिरत असतो आणि कोणत्याही क्षणी त्याचा मोठा भाग पेशीच्या आतच असतो.