307 लागलं म्हणजे 17 वर्षांच्या मुलाची केस मोठ्यांच्या कोर्टात जाते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिरवणुकीतल्या मारामारीत तुमचा 17 वर्षांचा भाचा आणि त्याचे 19 व 22 वर्षांचे दोन मित्र पकडले गेले. हवालदार म्हणाला, "307 (म्हणजे खुनाचा प्रयत्न) लागलंय, पोरगा आता मोठ्यांच्या कोर्टात जाणार." मग अल्पवयीनांच्या केसेस बघणारं बाल न्याय मंडळ कशाला असतं?

मी फौजदारी वकील आहे, मंडळापुढेही उभा राहतो. तर आधी हवालदाराचं बघू, झोप त्यानेच उडवलेली दिसते.

अल्पवयीनावर मोठ्यांसारखा खटला चालवायची सोय 2015 च्या बाल न्याय कायद्याने आणली, दिल्लीतल्या 2012 च्या निर्भया प्रकरणानंतर. पण ती फक्त 16 ते 18 वयाला, आणि गुन्हा 'निर्घृण' असेल तरच, म्हणजे ज्याची किमान शिक्षाच सात वर्षं आहे असा. खुनाच्या प्रयत्नाला (जुनं 307, आता भारतीय न्याय संहितेचं 109) जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, पण किमान सात वर्षं असं कुठेही नाही. असे गुन्हे 'गंभीर' धरायचे, निर्घृण नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये शिल्पा मित्तल प्रकरणात सांगून टाकलंय. पुण्याच्या पोर्शे अपघातात 17 वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन जीव गेले, राज्यभर संताप झाला, तरी मोठ्यांसारखा खटला चालवण्याचा पोलिसांचा अर्ज मंडळाने जुलै 2025 मध्ये फेटाळला. जखमी माणूस दगावला, तर मात्र कलम खुनाचं होईल आणि सगळं गणित बदलेल.

आता एकाच भांडणाच्या दोन केसेस होतील. मित्रांना पोलीस कोठडी, मग जेल, मग पिंजऱ्यात उभं राहून खटला. भाच्याला लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही, बेड्या नाहीत, पोलीस कोठडी नाही. 24 तासांत मंडळापुढे न्यायचं, ठेवायचंच झालं तर निरीक्षणगृहात, म्हणजे केस चालू असताना मुलांना ठेवायच्या जागी. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांत किमान एक बाई. साधं टेबल, समोर खुर्च्या. भाच्याच्या आईला तिथे विचारतील, घरात कोण कोण, संध्याकाळी मुलगा कुठे असतो, शाळा कधी सुटली. मोठ्यांच्या कोर्टात हे कोणी विचारत नाही.

जामिनाचंही वेगळं आहे. इथे कलम जामीनपात्र आहे की नाही हे बघत नाहीत. जामीन द्यायचाच. नाकारायला कारणं तीनच: मुलगा सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका होईल, किंवा सोडल्याने न्यायाचा हेतूच फसेल. सरकारी बाजू संगतीवर बोट ठेवणार, कारण ते दोन मित्र. तुम्ही मामा आहात, दुसऱ्या गावात राहता. त्याला काही महिने तुमच्याकडे ठेवायची तयारी लेखी द्या. माझ्या अनुभवात याचा उपयोग होतो.

परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) घरी येतील, शेजाऱ्यांना विचारतील, शाळेत जातील. त्यांचा सामाजिक अहवाल दोन आठवड्यांत द्यायचा असतो. मंडळापुढच्या केसमध्ये मी पोलिसांच्या कागदांआधी तो वाचतो. लोक नेमकं इथेच लपवाछपवी करतात, वडिलांचं पिणं, आधीची एखादी भानगड. अधिकाऱ्याला ते शेजाऱ्यांकडून कळतंच, मग तुमच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास राहत नाही.

वयाचा कागद आजच काढा. आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिकेची जन्मनोंद, तेही नसेल तरच हाडांची तपासणी. पुण्यातल्या 1994 च्या हत्याकांडात फाशी झालेला एकजण घटनेच्या वेळी साडेबारा वर्षांचा होता, हे शाळेच्या नोंदीवरून मान्य व्हायला मार्च 2023 उजाडलं. तोवर त्याने 28 वर्षं तुरुंगात काढली होती.

शेवटी काय होईल? दोष आढळला तर समज, समुपदेशन, समाजसेवा, परिविक्षा (देखरेखीखाली घरी सोडणं), आणि फार तर तीन वर्षं विशेष गृह, म्हणजे दोष आढळलेल्या मुलांचं सुधारगृह. हे कागदावर चार महिन्यांत, वाढवून सहा. प्रत्यक्षात तारखा लांबतात. पुढे नोकरीच्या वेळी हे प्रकरण कायद्याने आड येत नाही.

त्याचं नाव किंवा फोटो कुठेही देणं हाही गुन्हाच आहे. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मिरवणुकीचा तो व्हिडिओ फिरत असेल, तर पोरांना तो काढून टाकायला सांगा.