आधी ‘दाइजोबु’ म्हणणं थांबव

पत्र थोडक्यात असं: ‘मी पुण्याची, वय २०. जपानी शिकण्यासाठी एका सत्राकरता जपानमधल्या ओकायामाला आले आहे आणि एका जपानी कुटुंबात राहते. आज अकरावा दिवस. दुसऱ्याच दिवशी अंघोळ झाल्यावर मी टबातलं पाणी सोडून दिलं. होस्ट-आई “दाइजोबु” म्हणाली, पण तेव्हापासून ती गप्प गप्प वाटते. मी शाकाहारी आहे हे फॉर्मात लिहिलं होतं, तरी सूपला माशाचा वास येतो. तिने विचारलं की मीही “दाइजोबु” म्हणते आणि नुसता भात खाते. मग खोलीत जाऊन आईशी फोनवर बोलते, रडते. मी त्यांना ओझं झालेय. घर बदलून मागू का?’

बाळा, घर बदलून मागायचा हक्क तुला आहे, आणि तो कधी वापरायचा तेही पुढे लिहिते. पण तुझ्या पत्रात घर सोडण्यासारखं मला काही दिसलं नाही. न बोलल्यामुळे साचलेलं बरंच दिसलं, आणि त्यातलं निम्मं या एका शब्दाने केलंय.

‘दाइजोबु’ म्हणजे ‘ठीक आहे’ असं तू वर्गात शिकलीस. पण ‘अजून वाढू का?’ याला ‘दाइजोबु देसु’ म्हटलं तर ‘नको, राहू दे’ असा अर्थ होतो, आणि ‘हे चालतं ना?’ याला तेच म्हटलं तर ‘चालतं’ असा. म्हणजे माशाचं सूप चालतं आणि भाजी नको, असं तू अकरा दिवस सांगते आहेस! आपल्याकडे पाहुणा दोनदा ‘नको नको’ म्हणतो आणि काकू तिसऱ्यांदा वाढतातच. तिथे असा आग्रह सहसा होत नाही, नको म्हटलं की नकोच धरतात. त्या बाईंच्या बाजूने बघ: मुलगी नुसता भात खाते, विचारलं तर सगळं ठीक म्हणते आणि दार लावून घेते. पुढे काय बोलावं हे त्यांनाही उमगत नसणार.

आता टबाचं. तिथल्या ओफुरोत, म्हणजे अंघोळीच्या टबात, साधारण दोनशे लिटर गरम पाणी असतं, ४० ते ४२ अंशांचं, आणि त्याच पाण्यात घरातले सगळे एकामागून एक बसतात. उरलेलं पाणी बऱ्याच घरांत कपडे धुवायला वापरतात. तू बूच काढलंस तेव्हा मागच्यांची अंघोळ आणि कदाचित धुणंही वाहून गेलं. परदेशी पाहुण्यांच्या हातून हमखास होणारी चूक आहे ही, आणि एका वाक्यात मिटते. आज रात्रीच म्हण: ‘ओयु ओ नुइते शिमाइमाशिता. सुमिमासेन देशिता.’ म्हणजे माझ्याकडून गरम पाणी सोडलं गेलं, माफ करा. आणि लगेच पुढचं विचार: ‘ओफुरो वा नानजि गोरो हाइत्तारा ई देसु का?’ म्हणजे मी किती वाजता जाऊ. त्यांना तुझी माफी बरी वाटेल, पण हा प्रश्न जास्त बरा वाटेल.

साबण, शांपू, अंग चोळणं हे सगळं टबाबाहेर, छोट्या स्टुलावर बसून. अंगावरचा फेस पूर्ण धुऊन मगच आत. केस वर बांध, एकही केस पाण्यात तरंगता कामा नये. डोक्याला तेल लावलं असेल तर आधी शांपू. आत फक्त बसायचं, टॉवेलसुद्धा बुडवायचा नाही. दहा मिनिटं पुरे, सवय नसताना जास्त बसलं की उठताना चक्कर येते. बाहेर आल्यावर बूच तसंच ठेव आणि टबावर झाकण घाल, नाहीतर पाणी निवतं आणि पुन्हा तापवायला गॅस जळतो. पहाटे उठून अंघोळ करायची आपली सवय तिथे घरभर आवाज करते, म्हणून ती रात्रीवर ने.

खाण्याचं मात्र नीट समजून घे, कारण इथे फॉर्म भरून भागत नाही. ‘बेजितारियान’ म्हटलं की अनेकांना मांस न खाणारी एवढंच कळतं, मासे धरले जात नाहीत. आणि दाशि, म्हणजे सूपाचं मूळ पाणी, याला तर कोणी मासा समजतच नाही. ती बहुतेक वेळा कात्सुओ माशाच्या वाळवलेल्या कीसाची असते आणि मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) घातलेल्या सूपात, उदोन नावाच्या जाड शेवयांच्या रश्यात, शिजवलेल्या भाज्यांत, अंड्याच्या गोडसर वळकटीत असते. नात्तो, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, त्याच्या डबीतल्या सॉसच्या पुडीतही बहुधा तिचा अर्क असतो. तू भारतीय म्हणून त्या हौसेने जपानी करी करतील, तर तिच्या तयार वड्यांत सहसा गाईची किंवा डुकराची चरबी असते. त्यांनी तुला फसवलेलं नाही. त्यांच्या जिभेला तो मासा लागतच नाही, जसं आपल्याला फोडणीतलं हिंग वेगळं जाणवत नाही.

म्हणून नुसतं ‘शाकाहारी’ म्हणू नकोस, नावं घे: ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन. कात्सुओ नो दाशि मो दामे देसु.’ म्हणजे मांस आणि मासे दोन्ही खात नाही, कात्सुओची दाशिही चालत नाही. अंडं खात असशील तर ‘तामागो वा ताबेमासु’ हे जोडच, त्यांचा अर्धा प्रश्न तिथेच सुटेल. आणि बदली काय हेही सांग, नुसता नकार देऊन थांबू नकोस. कोंबु या समुद्री वनस्पतीची दाशि चालते. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम कोंबु निदान अर्धा तास भिजवायचा, मंद आचेवर ठेवायचा आणि उकळी फुटायच्या आत काढायचा, उकळला तर पाणी बुळबुळीत आणि कडसर होतं. वाळवलेले दोन-तीन शिइताके मशरूम त्यात भिजवले तर चव भरते. मिसो गॅस बंद केल्यावर विरघळवायचा. मिसोच्या डब्यावर ‘दाशि इरि’ लिहिलेलं असेल तर दाशि आधीच मिसळलेली असते, तो नको. सूप दोन भांड्यांत करण्याऐवजी सगळ्यांसाठीच कोंबुचं करता येतं, हे तू सुचवलंस तर त्यांचं कामही वाढत नाही.

आठवड्यातून एक संध्याकाळ स्वयंपाक मागून घे. बटाट्याची भाजी कर. आमटीचा बेत नको, तूरडाळ तिथे साध्या दुकानात सहसा मिळत नाही. मिरची निम्म्याने घाल. दोन गोष्टी आधी बघ. शेगडी आयएच, म्हणजे इंडक्शनची, असेल तर घरून नेलेलं ॲल्युमिनियमचं भांडं बहुधा तापणारच नाही. गॅस असेल तर मधे सेन्सर असतो आणि भांडं फार तापलं की आच आपोआप कमी होते किंवा विझते, म्हणून फोडणी मध्यम आचेवरच. पंखा आधी लाव आणि नंतर दहा मिनिटं चालू ठेव, फोडणीचा वास पडद्यांत दिवसचे दिवस राहतो.

संध्याकाळचं वेळापत्रकही बदल. जेवण झाल्यावर अर्धा तास बाहेरच बस, भांडी पूस, टीव्ही बघ, काही बोललं नाहीस तरी चालेल. जपान साडेतीन तास पुढे आहे. तुझे रात्रीचे साडेनऊ म्हणजे घरी सहा, दिवेलागणीची वेळ. तोच फोन ठरव, वीस मिनिटांचा. दोन-दोन तास आईशी बोलून घराची ओढ वाढते गं, कमी होत नाही. आईलाही हे सांग, नाहीतर ती तिकडे काळजीने जागते.

घरातून निघताना ‘इत्तेकिमासु’ म्हणायचं, आल्यावर ‘तादाइमा’. पहिल्याचा अर्थ ‘जाऊन येते’ असाच आहे, दुसऱ्याचा ‘आले’. ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावं हे तुला कोणी शिकवायला नको. न बोलता घरात शिरणं तिथे फार खटकतं. उशीर होणार असेल तर दहा मिनिटांचा असला तरी कळव, आणि बाहेर जेवणार असशील तर सकाळीच सांग. वाटी डाव्या हातात उचलून धरायची, हे आपल्या वळणाविरुद्ध आहे, पण तिथे तेच सभ्य. भातात जेवायच्या काड्या उभ्या खोचू नकोस, मृताला दाखवायच्या भाताला तसं करतात.

घर कधी बदलायचं? कोणी नकोसा स्पर्श केला, दार न वाजवता खोलीत आलं, पासपोर्ट काढून घेतला, जेवण नाकारलं किंवा ठरल्याबाहेर पैसे मागितले, तर सांभाळून घेत बसू नकोस. त्याच दिवशी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात जा. धोका वाटला तर पोलिसांना ११०, रुग्णवाहिकेला ११९. यातलं काही नसेल तर वरचं सगळं स्पष्ट बोलून दोन आठवडे दे. तरीही जमलं नाही तर समन्वयकाला लेखी कळव, तारखा आणि प्रसंगांसकट. त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही.

एक काम मात्र याच आठवड्यात कर. राहत्या पत्त्याची नोंद नगर कार्यालयात १४ दिवसांच्या आत करायची असते, तुझा अकरावा दिवस आहे. रेसिडेन्स कार्ड आणि पासपोर्ट घेऊन जा. तीन महिन्यांहून जास्त राहणार असशील तर राष्ट्रीय आरोग्य विम्याची नोंदही तिथेच होते, मग दवाखान्याच्या बिलातले सर्वसाधारणपणे ३० टक्केच तुला भरावे लागतात. होस्ट-आईलाच विचार, बरोबर याल का म्हणून.

येताना ओकायामाच्या कोराकुएन बागेत जा दोघी. सिंहगड रस्त्यावरचं आपलं पु. ल. देशपांडे उद्यान त्याच बागेवरून केलंय, पुणे-ओकायामा मैत्रीचं म्हणून. घरच्यांकडून त्याचे दोन-चार फोटो मागवून ठेव.