आधी ऐकू काय आलं ते लिही

प्रिय मित्रा,

तुझा 'किड ए'वरचा लेख वाचला, मग पुन्हा वाचला. या अल्बमात रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडनं २००० साली गिटारी मागे सारल्या, चाहते गोंधळले, समीक्षकांत दोन तट पडले, आज तोच अल्बम थोर मानला जातो. सगळं बरोबर आहे. ॲम्बियंट, ग्लिच, क्राउटरॉक ही संगीतप्रकारांची लेबलंही जागच्या जागी आहेत. फक्त तुला काय ऐकू आलं, हे अख्ख्या लेखात एका ओळीतही नाही. आणि शेवटी चोरून लिहिल्यासारखं विचारलंयस की, वाद्य येत नाही, सिंथेसायझरमधलं ओ की ठो कळत नाही, तर मत द्यायचा मला काय अधिकार?

या प्रश्नाचा मला राग आला. तू रात्र रात्र ऐकतोस. अधिकाराचं बोलणं तिथंच संपतं.

आता कामाचं बोलू. पहिलं गाणं पुन्हा लाव आणि मात्रा मोज. दहा येतात. त्यामुळे चाल परत सुरुवातीला येते तेव्हा अजून काहीतरी बाकी होतं असं वाटत राहतं. गायक थॉम यॉर्कच्या आवाजाचे तुकडे केलेत. ते मुख्य ओळीच्या मागून अडखळत येतात, उलटे वाजतात, एकमेकांवर आदळतात. तुला हे ऐकू आलं असणारच. आलं, तर लिहिलं का नाहीस? 'अस्वस्थ करणारा साउंडस्केप' हे कुणाचंही वाक्य आहे. कितव्या मात्रेवर तुझा तोल गेला, हे फक्त तूच सांगू शकतोस. आधी ऐकू काय आलं ते लिही. बाकी सगळं नंतर.

तुझा तो मित्र म्हणतो की हे यंत्राचं संगीत आहे, यात माणूस कुठाय? त्याच्याशी वाद घालू नकोस, त्याला ऐकव. याच अल्बममधलं 'ट्रीफिंगर्स' लाव आणि विचार, यात गिटार आहे का. नाही म्हणेल. ते सगळं बँडचा गिटारवादक एड ओब्रायनच्या गिटारचेच स्वर ताणून, बदलून केलंय. मग 'आयडिओटेक' लाव. त्याखालचे ते चार कॉर्ड अमेरिकी संगीतकार पॉल लान्स्की यांच्या संगणकावर रचलेल्या १९७३ च्या कृतीतून घेतलेत. माझ्या कानाला तरी अल्बममधली सगळ्यात माणसासारखी, सगळ्यात घाबरलेली जागा तीच आहे. गिटार यंत्रासारखी वाजते आणि संगणक माणसासारखा थरथरतो, हे त्याला कळेल तेव्हा कळेल. नाही कळलं तरी तुझं काही अडत नाही.

यंत्रांवर मला तुझ्याशी भरपूर बोलायचंय, पण इथं एकच सांगतो. रोलँड कंपनीनं १९८१ मध्ये टीबी-३०३ हे छोटं सिंथेसायझर काढलं ते गिटार वाजवणाऱ्याला बेसची, म्हणजे खालच्या सुरांची, साथ मिळावी म्हणून. खऱ्या बेससारखं ते काही वाजेना. १९८४ मध्ये बंदच केलं. पुढे शिकागोत फ्यूचर नावाच्या गटातल्या मंडळींनी वाजत असतानाच त्याची बटणं फिरवायला सुरुवात केली आणि त्या चिरक्या, पिळवटलेल्या आवाजातून १९८७ मध्ये ॲसिड हाउस हे नाचाचं संगीत उभं राहिलं. त्याआधी, १९८२ मध्ये, हिंदी चित्रपटसंगीतातले वादक, आपल्या चरणजित सिंगांनी हेच यंत्र घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर यमन आणि मालकंस वाजवले होते. दोन्हीकडे यंत्राच्या माहितीपुस्तकात काय लिहिलंय यापेक्षा कानाला काय सापडलं ते महत्त्वाचं ठरलं. हे करणारे लोक कानावर विसंबले. ऐकणारा तू, तुला भीती कसली?

मला एक खंत आहे, म्हणून हे इतकं ताणून सांगतोय. टॉक टॉक या ब्रिटिश बँडचा १९८८ चा 'स्पिरिट ऑफ ईडन' हा अल्बम मला अतोनात प्रिय आहे. सुरुवातीला दुरून येणारा ट्रम्पेट, मग बराच वेळ जवळजवळ काहीच नाही, आणि मग अंगावर धावून येणारी ती फाटकी हार्मोनिका. पण हे मी नंतरच्या ऐकण्यातून सांगतोय. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला काय झालं, ते आता आठवत नाही. त्या दिवसांत मी त्याच्यावरचं मिळेल ते वाचत होतो आणि स्वतः एक ओळ लिहिली नाही. आठवतात ती इतरांची वाक्यं. पहिलं ऐकणं पुन्हा मिळत नाही रे. तुझ्या हातात ते अजून शेकडो अल्बमच्या बाबतीत शिल्लक आहे आणि तू आधी रेटिंग बघतोस!

एका नियतकालिकाला माझे लेख हवे होते, अट एवढीच की प्रत्येक अल्बमला पाचपैकी तारे द्यायचे. मी नाही म्हटलं. लोक हट्टी म्हणाले, चांगली संधी घालवलीस म्हणाले. मला तो निर्णय आजही पटतो आणि कुणी विचारलं तर पुन्हा तेच करीन. बरियल या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक संगीतकाराच्या 'अनट्रू'ला चार तारे दिले असते तर वाचणाऱ्याला काय मिळालं असतं? त्यातला ठेका नेमक्या जागेवर पडत नाही, किंचित पुढेमागे होतो. गाणाऱ्या बाईचा आवाज इतका खालीवर ओढलाय की ती बाई आहे की पोरगा हेही ठरवता येत नाही. सगळ्यावर जुन्या तबकडीची खरखर पसरलेली असते. तो ठेका सिक्वेन्सर, म्हणजे आवाज ठरल्या मात्रेवर आपोआप बसवणारं साधन, न वापरता संगणकाच्या पडद्यावर नुसत्या नजरेनं जुळवलाय, हे मला फार उशिरा कळलं. डगमग मात्र पहिल्यापासून ऐकू येत होती. माहितीनं कानाला दुजोरा दिला, इतकंच.

उलटंही होतं. १९९४ मध्ये ब्रिटनमध्ये 'पुनरावृत्त ठेक्यां'च्या संगीतावर उघड्यावरच्या जमावांत बंधनं घालणारा कायदा येऊ घातला, तेव्हा ऑटेकर या इलेक्ट्रॉनिक संगीतकार जोडीनं 'फ्लटर' असं रचलं की त्यातली कुठलीही दोन आवर्तनं सारखी नसावीत. ही गोष्ट ऐकून लोक गाण्याच्या प्रेमात पडतात. बाणेदारपणाला माझाही सलाम. पण माझा कान ती आवर्तनं मोजत नाही. तो जातो खालच्या संथ, उदास सुरांकडे, आणि मी त्यांच्यासाठीच परत येतो. ऑटेकरचं नंतरचं पुष्कळसं काम मला कोरडं वाटतं. हे जाणकारांसमोर बोललो की शांतता पसरते. पसरू दे. मी पुरेसं ऐकून बोलतोय, आणि उद्या कान वेगळं म्हणाला तर तेही सांगीन.

तुला 'किड ए'चा उत्तरार्ध आवडला नाही, हे कंसात लिहिलंयस. कंस काढ. त्यापासूनच लेख सुरू कर. कुठल्या गाण्यात लक्ष उडालं, काय ऐकू येईनासं झालं, ते नीट लिही. माझं मत तुझ्या उलट आहे, पण ते मी तुझा नवा मसुदा आल्यावरच सांगीन.

हेडफोनचं विचारलंयस. जे आहेत ते चालतील, नव्यासाठी थांबू नकोस. आवाज मात्र कमी ठेव. माय ब्लडी व्हॅलेंटाइन या कानठळ्या बसवणाऱ्या बँडच्या कार्यक्रमांत कानात घालायला बोळे वाटले जातात, ते गंमत म्हणून नाही. पुढच्या रविवारपर्यंत मसुदा पाठव.