थर्मोफिलिक (उष्णतेत वाढणाऱ्या) बुरशीचं अमायलेज (स्टार्च तोडणारं एन्झाइम) डायलिसिसनंतर (पडद्यातून क्षार काढून टाकल्यावर) ढेपाळतंय, काय करू?

बगॅसच्या (उसाच्या चिपाडांच्या) ढिगातनं काढलेली बुरशी ५० डिग्रीला मस्त वाढतीय ना, मग आधी बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) बघ. फॉस्फेट असेल तर सोड, अल्फा-अमायलेजला कॅल्शियम लागतं आणि फॉस्फेट तेच धरून बसतं, ईडीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) तर नकोच नको. अ‍ॅसिटेट घे, थोडं कॅल्शियम क्लोराईड टाक आणि सगळं ४ डिग्रीला कर, एन्झाइम उष्णता सोसणारं असलं तरी सोबतचे प्रोटीएज (प्रोटीन तोडणारी एन्झाइमं) त्याला खातात. सांगलीतल्या उन्हाळ्यात टेबलावर बीकर ठेवून चहाला गेलास की संपलं.

मग शुद्धीकरण: डीईएई कॉलम (विद्युतभारानुसार वेगळं करतो), जेल फिल्ट्रेशन (आकारानुसार), आणि शेवटी एसडीएस-पेजवर (प्रोटीन तपासायच्या जेलवर) एकच पट्टा दिसायला हवा. पण बुरशी ग्लुकोअमायलेजपण (स्टार्चच्या टोकापासून ग्लुकोज तोडणारं एन्झाइम) सोडते आणि डीएनएसला (सुटलेली साखर रंगावरून मोजायची टेस्ट) दोन्ही सारखेच लाल दिसतात, तेव्हा टीएलसी (कोणत्या साखरा तयार झाल्या ते वेगळं करून दाखवणारी पातळ थराची क्रोमॅटोग्राफी) लावच: जवळपास नुसता ग्लुकोज आला तर ग्लुकोअमायलेज (मग कॅल्शियमचा मुद्दाच नाही), माल्टोज-माल्टोट्रायोज आले तर बहुतेक अल्फा.

आणि ऑप्टिमम (एन्झाइम सगळ्यात जोरात चालतं ते तापमान) ७० आला म्हणजे ७० ला टिकतं असं नसतं हां. १० मिनिटांच्या टेस्टला आकडा वर जातो, तासाभराच्या टेस्टला खाली येतो. स्टार्च न घालता नुसतं एन्झाइम तापवून, मधेमधे थोडंथोडं काढून बर्फात ठेव आणि हाफ-लाइफ (ताकद अर्धी व्हायला लागणारा वेळ) वेगळी काढ, व्हायव्हाला हमखास तेच विचारतात.