वेबसाइटवर ‘समाधान’ लिहावं का ‘उपाययोजना’? (आणि ‘करून मिळेल’ बद्दल थोडं)

प्रश्न असा आलाय: भावाचं सांगलीत मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीची तार पुन्हा गुंडाळून द्यायचं, दुकान आहे, बोअरचे पंपही बसवतात, त्याच्या वेबसाइटची पहिली ओळ लिहिलीय ‘आम्ही जलव्यवस्थापन क्षेत्रात सर्वसमावेशक समाधान प्रदान करतो’. यात ‘समाधान’ बरोबर आहे का ‘उपाययोजना’ पाहिजे?

सोल्यूशन या अर्थानं समाधान हिंदीत रुळलेलं आहे, ‘समस्या का समाधान’ तिथं सहज म्हणतात. मराठीत मात्र समाधान म्हणजे मनाला वाटतं ते. शंकेचं समाधान म्हणतो आपण, शंकासमाधान हा शब्द चांगला रुळलेला आहे, पण तिथंही विचारणाऱ्याचं मन निवतं हाच भाव आहे. उपाययोजना हा शब्द चांगला मराठी आहे पण तो डेंग्यूची साथ, पूर, पाणीटंचाई असं काही आलं की कानावर येतो, दुकानदाराच्या तोंडी नाही. आणि ‘प्रदान’ तर काढाच. मराठीत पदवी प्रदान होते, पुरस्कार प्रदान होतो, मोटार आपण दुरुस्त करून देतो.

पण खरं सांगायचं तर हे दोन-तीन शब्द बदलून ती ओळ सुधारणार नाही, कारण तिच्यात मोटार कुठंच नाहीये. ज्याची 5 एचपीची मोटार ऐन उसाला पाणी पाजायच्या वेळी जळलीय आणि लाइट रात्रीच्या पाळीची आहे, तो माणूस मोबाइलवर ‘मोटार रिवायंडिंग सांगली’ असंच टाकणार, जलव्यवस्थापन त्याच्या डोक्यातही येणार नाही.

आपल्याकडे हे काम करणारी फार सुंदर वाक्यरचना आधीपासून आहे, दुकानांच्या पाट्यांवर. ‘येथे पिको फॉल करून मिळेल’, ‘मोटार रिवायंडिंग करून मिळेल’. चार-पाच शब्दांत काम कळतं आणि वाक्य गिऱ्हाइकाच्या बाजूनं उभं राहतं, कारण ‘मिळेल’ म्हटलं की कुणाला, तर तुम्हाला. मला ही रचना मनापासून आवडते, तिला गावठी म्हणून बाजूला सारणाऱ्यांचं मला पटत नाही. जिथं वस्तू आणून द्यायची आणि काम करून घ्यायचं तिथं ती चपखल बसते. डॉक्टरांच्या बोर्डावर ‘ऑपरेशन करून मिळेल’ कानाला खटकतं, वकिलांकडे ‘सल्ला मिळेल’ एवढं पुरतं.

फक्त वेबसाइटवर एक अडचण येते. पाटीवरचं ‘येथे’ दुकानासमोर उभ्या असलेल्या माणसासाठी आहे, त्याला दुकान दिसतंय, आत बसलेला माणूसही दिसतोय, म्हणून वाक्यात कर्ता नसला तरी चालतं. मोबाइलवर वाचणारा विट्यात असेल नाहीतर जतला, त्याला येथे म्हणजे कुठे तेच कळत नाही, आणि हे करणार कोण तेही नाही. म्हणून तिथं ‘करून मिळेल’ पेक्षा ‘करून देतो’ घ्या आणि ‘येथे’ च्या जागी गावाचं, रस्त्याचं नाव टाका. ‘करून दिले जाईल’ नको, ते सरकारी खिडकीवरचं वाटतं.

मी असं लिहीन:

‘बोअरच्या आणि विहिरीवरच्या मोटारी रिवायंडिंग करून देतो, सिंगल फेज आणि थ्री फेज दोन्ही. रानात येऊन पंप काढून नेतो आणि परत बसवून देतो. दुकान सांगलीत.’ पुढे रस्ता, जवळची खूण आणि फोन नंबर.

‘शेतात’ ऐवजी ‘रानात’ मुद्दाम ठेवलंय, तुमच्याकडचं गिऱ्हाईक तेच म्हणतं. सबमर्सिबललाही, म्हणजे पाण्यात बुडवून ठेवतात त्या पंपालाही, मराठी प्रतिशब्द शोधत बसू नका, लोक सबमर्सिबलच म्हणतात. ‘सर्वसमावेशक’ च्या जागी नुसती यादी द्या, स्टार्टर, केबल, बेअरिंग, जे जे दुकानात होतं ते. आणि रानात येऊन पंप काढायचं काम भाऊ करत नसतील तर ते वाक्य मात्र नक्की काढा, मी ते अंदाजानं घातलंय.