काळ्या मातीत करवंदीची पाने पिवळी का पडतात?

प्रश्न : इंदूरला घरामागे काळ्या मातीत दोन फुटांचे खड्डे खणून, त्यांत मुरूम आणि शेणखत भरून करवंदी लावल्या. दर पावसाळ्यात कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्याच राहतात. मुरमाड टेकडीवर हीच करवंदी बिनखताची फोफावते. माळव्याची माती तर सुपीक, मग असे का?

उत्तर : पिवळ्या पानात हिरव्या शिरांची जाळी, तीही शेंड्याकडच्या पानांवर, म्हणजे लोहाची कमतरता. नत्र कमी असता तर खालची जुनी पाने आधी पिवळी पडली असती.

काळ्या मातीत लोह असते, पण ती चुनखडीची असली की सामू (पीएच, म्हणजे मातीचा आम्ल-अल्कपणा दाखवणारा आकडा) ८ च्या आसपास जातो आणि लोह विरघळत नाही. वाळल्या ढेकळावर व्हिनेगर टाका. फसफसले तर चुना आहे. त्यात तुमचा खड्डा. चिकण मातीतल्या भुसभुशीत भरावात आजूबाजूचे पाणी उतरते, बाहेर मात्र पडत नाही. गुदमरलेल्या मुळांना विरघळलेले लोहही उचलता येत नाही.

तात्पुरता उपाय फवारणीचा. लिटरभर पाण्यात आधी १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, मग ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवा. संध्याकाळी फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. द्रावण तांबूस झाले तर टाकून द्या, ते पानांना लागू पडत नाही.

खरे काम निचऱ्याचे. जागेला उतार असेल तर खड्ड्याच्या तळापेक्षा अर्धा फूट खोल चर काढून उताराकडे न्या आणि दगडगोट्यांनी भरा. उतार नसेल तर नवी रोपे दीड फूट उंच, चार फूट रुंद वरंब्यावर लावा. वरंब्यात निम्मी तिथलीच माती, निम्मा मुरूम आणि रोपामागे एक घमेले कुजलेले खत. खाली खड्डा मुळीच नको. काळ्या मातीत थोडी वाळू मिसळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो ऐकू नका. थोडक्या वाळूने निचरा होत नाही.

प्रश्न : मुरमावरची मुरुडशेंग ऑक्टोबरात छाटावी का?

उत्तर : नाही. मुरूम अन्नद्रव्ये फारशी धरून ठेवत नाही, म्हणून झुडूप पानगळीआधी पानांतले बरेच नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) खोडामुळांत ओढून घेते. हिरवी फांदी तोडली की तो साठा गेलाच. पाने गळल्यावर, नवी पालवी फुटण्याआधी छाटा आणि पाचोळा बुंध्याशीच राहू द्या.